आईला दुपारच्या चहाला इराण्याकडे न्यायचंय, कुठे आणि किती वाजता जाऊ?

निशिगंधा_नाशिक
नमस्कार मंडळी, मुंबईकरांची मदत हवीये. आई ७४ वर्षांची आहे, माझ्याकडे नाशिकला असते. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती फोर्टात बँकेत होती, बाबांचं ऑफिसही तिथेच जवळ. शनिवारी हाफ डे असायचा, मग दोघं मेट्रो टॉकीजला मॅटिनी बघायचे नाहीतर नुसतेच रमतगमत धोबीतलावपर्यंत यायचे आणि मग इराण्याकडे चहा आणि ब्रून मस्का, म्हणजे कडक कवचाचा पाव आणि लोणी. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा दुपारी चहा घेताना एकदम म्हणाली, तसा चहा परत कुठे मिळाला नाही गं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जातच नाहीये.
इथे एका नव्या ठिकाणी नेलं होतं, पाटीवर इराणी लिहिलेलं, पण चहा कागदी कपात, बसायला उंच स्टुलं आणि वर मोठ्याने गाणी. आई बोलली काहीच नाही, अर्धा कप तसाच ठेवला.
आता पंचवटी एक्सप्रेसने येऊन संध्याकाळी पंचवटीनेच परत जायचा विचार आहे. तिचे गुडघे दुखतात, कवळी आहे, ब्रून चावेल का हीपण काळजी. आणि गर्दी नको, निवांत बसायचंय तिला.

ठाकूरद्वारचा
ताई, आधी आईंना नीट विचारा, धोबीतलावचा इराणी म्हणजे नेमका कुठला? कारण तिथे समोरासमोर दोन होते, कयानी आणि बस्तानी. बस्तानी बंद होऊन वीसेक वर्षं झाली. कयानी आहे, १९०४ सालचा, मेट्रोच्या समोर जेर महालमध्ये. त्या लाल चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर काच, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, काउंटरवर बिस्किटांच्या बरण्या, हे सगळं अजून दिसेल.
वेळेचं सांगतो. शनिवार रविवार अजिबात नको, फोटो काढणारे खूप येतात. मधल्या वारी तीन ते साडेचार जा, खिमा पाववाली जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि ऑफिसं सुटलेली नसतात. खालीच बसा, माळ्यावर जाऊ नका. सीएसएमटीहून सरळ टॅक्सी करा, मरीन लाइन्सला लोकलने उतरलात तर पुलाचे जिने आहेत, गुडघ्यांना त्रास होईल.
ब्रूनचं टेन्शन घेऊ नका. कवळी असली तरी जमतं, माझी आजी शेवटपर्यंत खायची. वरचं कवच कडक असतं म्हणून चावायच्या भानगडीत पडायचं नाही, बोटभर तुकडा तोडायचा, मस्का लावलेली बाजू खाली करून चहात बुडवायचा आणि दहापर्यंत आकडे मोजायचे. कवच मऊ पडतं, लोणी वितळून चहावर पिवळे थेंब तरंगायला लागतात. पहिल्या तुकड्यानंतर चहा खारट गोड होतो, ती चव आईंच्या लक्षात असणार बघा. नाहीच जमलं तर बन मस्का आहेच, तो मुळातच मऊ. आणि चहा सांगताना पानी कम म्हणा, जास्त दुधाचा दाट मिळतो.

मीनल_विलेपार्ले
वेगळं सुचवते, राग मानू नका. ताजमधला सी लाउंज. आम्ही आईच्या पंचाहत्तरीला गेलो होतो, खिडकीत बसून समोर गेटवे आणि बोटी, सँडविचेस, केक, शिवाय शेवपुरीपण, आणि उठा म्हणून कोणी मागे लागत नाही. महाग आहे भरपूर आणि खिडकीचं टेबल हवं तर आधी फोन करावा लागतो. पण तुमची पोस्ट परत वाचली आणि वाटलं की तुमच्या आईंना तो चहा हवाय, तेव्हा इराणीच बरोबर. हे पुढच्या खेपेला ठेवा.

जुनी_मुंबई_वेडा
थोडी भर घालतो, कारण माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. हे इराणी हॉटेलवाले बहुतेक इराणच्या यझ्द आणि केरमान भागातून आले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. पारशी त्यांच्याआधी शेकडो वर्षं आलेले. आणि सगळे इराणी झरथोस्ती नव्हते, मुसलमान इराण्यांचीही हॉटेलं होती. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार घेत नसत असं जुने लोक सांगतात, ती ह्यांनी घेतली आणि दोन्ही रस्त्यांनी गिऱ्हाईक आत यायला लागलं.
पण मला सांगायचंय ते फॅमिली रूमबद्दल. बऱ्याच इराण्यांकडे मागे किंवा माळ्यावर लाकडी पार्टिशनच्या खोल्या असायच्या, बायकांना कोणाच्या नजरा न झेलता तिथे बसून चहा पिता यायचा. नोकरी करणाऱ्या बायकांना त्या काळात मुंबईत अशा जागा किती होत्या हो? तुमची आई आणि बाबा तिथेच बसत असतील. विचारा त्यांना.
आता मोजकेच उरलेत. पुढच्या पिढीला पहाटेपासून भट्टी सांभाळायची नसते, भागीदारांची भांडणं, जागांचे भाव. म्हणून म्हणतो, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

डेक्कनवासी
पुण्याला कधी आलात तर गुडलक हे इराणी हॉटेल, १९३५ पासून आहे, त्या चौकाचं नावच गुडलक चौक पडलंय. सकाळी आणि सुट्टीला उभं राहावं लागतं पण मधल्या वारी दुपारी जागा मिळते. अमृततुल्यला नेऊ नका, चहा फक्कड असतो, वेलची आलं घातलेला, पण तो दोन मिनिटात उभ्याने प्यायचा चहा, आईंना बसायचंय.

निशिगंधा_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार, काल जाऊन आलो. गाडीत विचारलं तर आईला नाव आठवेना, पण टॅक्सीतून उतरल्या उतरल्या तिने समोर बोट केलं, आमचा तो होता. म्हणजे बस्तानीच. पाचेक मिनिटं फुटपाथवर उभी राहून बघत होती, मी काही बोलले नाही. मग म्हणाली चल, तिथे कधी जागा मिळाली नाही की आम्ही इकडे कयानीतही यायचो.
सव्वातीनला पोचलो होतो, भिंतीकडचं टेबल मिळालं. पानी कम, ब्रून मस्का, दोन खारी. दादा तुम्ही सांगितलं तसं बुडवून खाल्लं, कवळीला काही झालं नाही. फॅमिली रूमचं विचारलं तर हो म्हणाली, लग्न ठरायच्या आधी तिथेच बसायचो, बाबा ब्रूनचा खालचा मऊ भाग मला द्यायचे आणि स्वतः वरचं कडक कवच खायचे. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दुसरा चहा तिने बशीत ओतून प्यायला आणि निघताना नातवंडांसाठी खारीची पुडी बांधून घेतली.