शब्दचर्चा: ‘मल्टिसेन्सरी’ आणि ‘ऑल-एज’ उपासनेला मराठीत काय म्हणावं?

गिरगाव_उपासनाक्रम
सर्वांना सलाम. ज्या महिन्यात पाच रविवार येतात, त्यातल्या पाचव्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वेगळी उपासना ठेवायची आहे. शब्बाथ शाळेची (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची) मुलं, तरुण संघ, महिला मंडळ, आजी-आजोबा सगळे एकाच वेळी, आणि नुसतं ऐकणं नाही तर हाताळणं, वास घेणं, चाखणंही. पत्रक मराठीत छापायचं आहे. आतापर्यंत सुचलेले शब्द असे: बहुसंवेदी उपासना, पंचेंद्रिय उपासना, सर्ववयीन उपासना, कौटुंबिक उपासना, आबालवृद्ध उपासना. पत्रकावर काय शोभेल? आणि टेबलांवर वस्तू ठेवून जे ‘स्टेशन’ मांडतात, जिथे लोक गटागटाने थांबत पुढे जातात, त्याला काय म्हणायचं?

कोशवाचक
एकेक शब्द घेऊ.

‘बहुसंवेदी’ हा बी.एड.च्या पुस्तकातला शब्द आहे. तिथे तो बरोबर चालतो. मंडळीत मात्र ‘संवेदना’ म्हटलं की लोकांना शोकसंदेशच आठवतो, कारण रोजच्या मराठीत संवेदना ‘व्यक्त’ केल्या जातात. ‘पंचेंद्रिय’चं त्याहून अवघड. इंद्रियसुख, इंद्रियनिग्रह या जोडीतून ‘इंद्रिय’ शब्दाला एक रंग चढला आहे, आणि देहस्वभावाविरुद्धचे, म्हणजे शरीराच्या वासनांविरुद्धचे, उपदेश ऐकत वाढलेल्या पिढीला ‘पंचेंद्रिय उपासना’ हे शब्द एकमेकांच्या विरोधातले वाटतील.

‘कौटुंबिक’ टाळाच. मुंबईत नोकरीसाठी एकटे राहणारे, विधवा, अविवाहित, घरातून एकटेच चर्चला येणारे असे कितीतरी जण असतात. पत्रकावर ‘कौटुंबिक’ वाचून ते त्या रविवारी घरी राहतात. ‘सहकुटुंब’चंही तेच.

‘आबालवृद्ध’ व्याकरणाने अचूक आहे, बालांपासून वृद्धांपर्यंत सगळे. पण पत्रक चाळणारा त्यात ‘बाल’ आणि ‘वृद्ध’ एवढंच वाचतो आणि मधल्या वयाच्या माणसाला वाटतं, आपलं काही काम नाही.

माझं मत ‘लहानथोर’ला. बोलीतला शब्द, सगळ्यांच्या तोंडी असलेला, आणि आपल्या पवित्र शास्त्रातलाही: प्रकटीकरणाच्या १९व्या अध्यायात देवाचं स्तवन करायला लहानथोरांनाच हाक मारली आहे. ‘लहानथोरांची उपासना’. इंद्रियांसाठी नाम शोधतच बसू नये. पत्रकावर क्रियापदं छापा: पाहा, ऐका, हुंगा, शिवा, चाखा.

भायखळा_पाळककक्ष
‘लहानथोर’ पटला. आता दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल, म्हणजे ‘उपासना’ या शब्दाबद्दल थोडे.

मुंबईच्या मराठी मंडळ्यांत ‘उपासना’ म्हणजे क्रम असलेली रविवारची सेवा: आवाहन, पापांगीकार, शास्त्रवाचन, उपदेश, अर्पण, आशीर्वचन. आपल्या गीतांच्या पुस्तकाचे नावही ‘उपासना संगीत’च. ‘आराधना’ हा शब्द गेल्या काही दशकांत हिंदी गीतांबरोबर जास्त पसरला आणि त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी सुरुवातीची अर्धा तास गाणी एवढाच उरला आहे. ‘आराधना’ छापलेत तर लोक गिटार आणि ड्रमची वाट पाहतील. ‘सभा’ छापलेत तर लांब उपदेशाची. म्हणून ‘उपासना’च ठेवावे.

या शब्दात ‘जवळ बसणे’ आहे: उप आणि आस्. नियोजनात हे फार उपयोगी पडते. नव्या पद्धतीच्या उपासनेत सगळ्यांना उठवून फिरवण्याचा आग्रह धरला जातो आणि गुडघे दुखणारी माणसे संकोचाने भिंतीला टेकून उभी राहतात. बाकावर बसून राहणे हाही पूर्ण सहभाग मानावा. जे टेबलावर आहे तेच एका ताटात घालून बाकापर्यंत न्यावे, आणि ते ताट मुलांनी न्यावे. तिथेच लहान आणि थोर एकमेकांशी बोलू लागतात. माझ्या मते उपासनेचा सगळ्यात मोलाचा भाग तोच.

वसई_किनारा
आम्हा कॅथलिकांकडे एक फरक लक्षात घ्या. मिस्सा (प्रभुभोजनाची आमची मुख्य उपासना) ती मिस्साच, तिला दुसरं नाव देता येत नाही आणि तिचा क्रमही मनाने बदलता येत नाही. मुलं असलेल्या मिस्सासाठी व्हॅटिकनने १९७३ साली मार्गदर्शिका काढली. तिच्यात बरीच मोकळीक आहे: हालचाली, चित्रं, मुलांनी दानं वेदीकडे मिरवत आणणं, शब्दविधीपुरतं (शास्त्रवाचनाच्या भागापुरतं) मुलांना वेगळ्या जागेत नेणं. पण टेबलं मांडून फिरायचं असेल तर ते मिस्साच्या आधी किंवा नंतर ठेवावं, किंवा वेगळा प्रार्थनाविधी करावा.

‘स्टेशन’ला आमच्याकडे शब्द तयार आहे, ‘स्थान’. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांची, चौदा स्थानं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जाऊन, थांबून, पाहून प्रार्थना करायची ही पद्धत जुनीच आहे. हातात धरायच्या गोष्टीही परक्या नाहीत. वांद्र्याच्या मोत माउलीच्या (मरियामातेच्या) जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातल्या मूळच्या कॅथलिकांच्या) गावठाणांत ऑक्टोबरात आगेरा हा सण असतो, तेव्हा भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कापणीचा सण असतोच. तुमची उपासना त्या सुमारास असेल तर लोंबीपासून सुरुवात करा.

शब्बाथशाळा_दादर
‘स्थान’ छान आहे, पण प्रॉटेस्टंट मंडळीत ‘प्रार्थनास्थान’ म्हटलं की संपूर्ण देऊळ असं वाटेल. मुलांना ‘थांबा’ लगेच कळतो. पहिला थांबा, दुसरा थांबा. बेस्टने हा शब्द आधीच शिकवून ठेवला आहे.

नियोजन लिहिते, उपयोगी पडेल. सत्तर माणसं धरा. त्यातली वीसेक बाकावरच राहतील. उरलेल्या पन्नासांना चार थांबे पुरेत, म्हणजे एका थांब्याला बारा-तेरा जण. प्रत्येकी सात मिनिटं, चालायचा वेळ धरून: अठ्ठावीस मिनिटं. आधी आवाहन आणि गीत दहा, वाचन पाच, उपदेश दहा. नंतर एकत्र येऊन प्रार्थना सात, अर्पण, शेवटचं गीत आणि आशीर्वचन दहा. सत्तर मिनिटं झाली. हॉल शाळेचा असेल किंवा दहा वाजता दुसऱ्या भाषेची उपासना असेल तर पंचाहत्तरच्या वर जाऊच नका, कारण आवराआवरीला आणखी वीस मिनिटं लागतात आणि ती कुणीच धरत नाही.

सहा फुटी टेबलाभोवती बारा माणसं मावत नाहीत, आठ मावतात. म्हणून प्रत्येक थांब्याला सारख्याच दोन पराती ठेवा, एक टेबलावर, एक खाली चटईवर पाटावर. लहान मुलांना टेबलावरच्या परातीतलं नीट दिसत नाही. एवढी एक गोष्ट राहून गेली की पालक मुलांना उचलून धरतात, रांग थांबते आणि वेळ कोलमडतो.

पुढच्या थांब्याला जायची खूण माइकवरून ओरडून देऊ नका. गीताचं ध्रुवपद वापरा: एकदा गायलं की हातातलं संपवा, दुसऱ्यांदा गायलं की चालायला लागा.

पंखे! मुंबईत पंखे बंद करून बसणं कठीण आणि पंख्याखाली मेणबत्ती टिकत नाही, राख आणि कागद उडतात. मेणबत्त्यांचा थांबा पंख्याच्या टप्प्याबाहेर, भिंतीकडे घ्या. परातीत दोन-तीन इंच वाळू घालून त्यात मेणबत्त्या खोचा, शेजारी पाण्याची बादली आणि एक मोठं माणूस. मुलांसाठी बॅटरीच्या मेणबत्त्या आणताना खालचं झाकण स्क्रूने बंद होणारंच घ्या. आत बटणासारखा सेल असतो आणि तो गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते. उघड्या झाकणाच्या मेणबत्त्या तान्ह्यांच्या आसपास मुळीच नकोत.

येशूने सांगितलेला मोहरीच्या दाण्याचा दाखला घ्याल तर दाणे सुटे वाटू नका, लहान मुलं नाकात-कानात घालतात. कार्डावर पारदर्शक टेपखाली एकेक दाणा चिकटवून द्या.

पाण्याच्या थांब्याला दहा लिटरची बादली अर्धी भरा, पूर्ण नको. फरशीवर आधी गोणपाट अंथरा. पावसाळ्यात नॅपकिन वाळत नाहीत, म्हणून दोघांत एक या हिशेबाने पंचवीस तरी हवेत.

भायखळा_पाळककक्ष
ताई, ‘थांबा’ मान्य. पत्रकावर ‘चार थांबे’ असेच छापावे.

काष्ठौषधी
नाताळच्या सुमारास करणार असाल तर वासाच्या थांब्याबद्दल. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांच्या भेटी मराठी शास्त्रात ‘सोने, ऊद व गंधरस’ आहेत. यातला एकही वास मुलांनी ओळखून घेतलेला नसतो.

‘ऊद’ म्हणून दुकानात मागितलं की बहुधा लोबान हातात पडतो. तो वेगळ्या झाडाची राळ आहे. शास्त्रातल्या उदाच्या जवळचा हवा असेल तर सालईचा डिंक मागा. सालई हे त्याच कुळातलं, आपल्या महाराष्ट्रातल्या डोंगरांवरचं झाड. ‘गंधरस’ शब्द तर कुणालाच कळत नाही, पण वस्तू घरोघरी माहीत आहे. हिराबोळ! बाळंतिणीच्या औषधातला. मंडळीतल्या आज्यांच्या हातात हिराबोळाचा खडा द्या आणि हे काय आहे ते त्यांनाच मुलांना सांगू द्या. बाळाच्या जन्माशी जोडलेला हा वास बेथलेहेमच्या वाचनाशेजारी ठेवला की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

हिराबोळ चाखायला द्यायचा नाही, गरोदर बायकांना तर नाहीच. जाळायचीही गरज नाही. बंद हॉलमध्ये धुराने दमेकऱ्यांना त्रास होतो. राळ खलात जरा भरडा, छोट्या झाकणाच्या डब्यांत घाला, वर मलमलीचा तुकडा बांधा. झाकण उघडा, हुंगा, बंद करा. एका डब्याला वीसेक ग्रॅम पुरतात. जाळायचाच असेल तर धुपाटण्याच्या तळाशी वाळू, वर कोळसा, आणि कोळशावर राखाडी थर आल्यावरच राळ. आधी टाकली तर नुसता काळा, खवखवणारा धूर होतो.

कोशवाचक
चवीच्या थांब्यासाठी वचन निवडताना एक गोष्ट पाहा. स्तोत्र ३४:८ मराठीत ‘परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा’ असं आहे. मूळ इब्री क्रियापद चव घेण्याचं आहे. अनुवादकांनी ‘अनुभव’ घेतला तो अर्थाने योग्यच, पण थांब्यावर वाचणाऱ्याने ‘चाखून पाहा’ हा अर्थही सांगावा, नाहीतर तोंडातला घास आणि वचन यांचा सांधा जुळत नाही.

तसंच ‘आंब’. क्रुसावर प्रभूला स्पंजातून दिली ती आंब, म्हणजे आंबट द्रव. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब ज्यांनी चाखली आहे त्यांना जीभ आक्रसणं लगेच आठवतं. मुंबईच्या मुलांना शब्दही ठाऊक नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी, कापसाचा छोटा बोळा बुडवून ओठाला लावायचा, प्रत्येकाला नवा बोळा. तीन वर्षांखालच्या मुलांनी फक्त वास घ्यावा.

गिरगाव_उपासनाक्रम
शास्त्रातली ‘बेखमीर (खमीर न घातलेली) भाकर’ कशी दाखवावी? मुलं भाकर म्हणजे ज्वारीचीच समजतात.

शब्बाथशाळा_दादर
तेच वापरा. एका ताटात पाव आणि चपाती शेजारी-शेजारी. पाव खमिराचा, चपाती बेखमीर. दोन्ही मोडून पाहू द्या: पावात भोकं दिसतात, चपातीत नाहीत. मग मिसरातून घाईने निघाल्याचं वाचन, पीठ फुगायला वेळच नव्हता. मात्र हा चवीचा थांबा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) एकत्र करू नका. एक शिकण्यासाठी आहे, दुसरा संस्कार. मुलांना आणि मोठ्यांनाही तो फरक दिसला पाहिजे, म्हणून दोन्ही एकाच दिवशी ठेवूच नयेत हे बरं. शेंगदाणे, काजू कशातच नकोत, आणि ताटाजवळ काय-काय घातलंय ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

वसई_किनारा
राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडेला, कपाळाला राख लावतात तेव्हा) करणाऱ्यांसाठी: गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून राख वस्त्रगाळ करा आणि कोरडीच लावा, किंवा दोन-चार थेंब खोबरेल घाला. पाणी घालू नका. राख पाण्यात क्षारयुक्त होते आणि कपाळाची कातडी भाजते, लहान मुलांची आधी. झावळ्यांच्या रविवारसाठी (पाम संडेसाठी) शास्त्रात खजुरीच्या झावळ्या आहेत, आपल्याला इथे माडाच्या मिळतात. क्रूस विणायचे तर कोवळी पिवळसर पाती घ्या आणि रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा; सकाळी वाळलेली पाती घडीवरच फाटते.

एक_वाचक_कुर्ला
‘मेसी चर्च’ला मराठीत काय म्हणतात?

कोशवाचक
ते विशिष्ट उपक्रमाचं नाव आहे, भाषांतर करू नये. २००४ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळच्या काउप्लेन इथे सुरू झाला. आधी स्वागत आणि हस्तकृती, मग छोटी उपासना, शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवण. मुलांना सोडून पालकांनी निघून जायचं नाही, ही त्यातली महत्त्वाची अट. ‘अस्ताव्यस्त चर्च’ असं कुठे छापू नका.

भायखळा_पाळककक्ष
आणि हे सगळे बाहेरून आले असे मानू नये. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तन रुजवले. टाळ, मृदंग, अभिनय, मध्येच गाणे, मध्येच आख्यान. मांडीवरच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे एकाच सतरंजीवर. दहा मिनिटांच्या उपदेशाऐवजी दहा मिनिटांचे आख्यान ठेवून पाहावे. टाळांचे दोन-तीन जोड मुलांच्या हाती द्यावेत, पण फक्त ध्रुवपदाला वाजवायचे हे आधी ठरवून.

गिरगाव_उपासनाक्रम
सर्वांचे आभार. पत्रकाचा मसुदा:

‘लहानथोरांची उपासना. रविवार, सकाळी ८. चार थांबे: पाहा, हुंगा, शिवा, चाखा. गीतं सगळ्यांनी मिळून. बाकावर बसूनही भाग घेता येईल. एकट्याने या, सोबत या.’

शब्बाथशाळा_दादर
एक ओळ वाढवा: ‘गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी शांत कोपरा आहे.’ कोपरा दारापासून लांब, पंख्याखाली, स्पीकरच्या मागे. तिथे चटई, दोन उशा आणि त्या दिवशीच्या वाचनाचं एक चित्र, बाकी काही नको. आणि ‘विशेष मुलांसाठी’ असं लिहू नका; तो कोपरा आजोबांनाही लागतो.

गिरगाव_उपासनाक्रम
वाढवली. छापायला देतो.