सॅफ्रन वॉल्डन: नावात केशर आहे, गावात काय आहे?

कोथरूडचे आजोबा
नमस्कार. मुलगी-जावई केंब्रिजजवळ राहतात, जूनमध्ये आम्ही दोघं महिनाभर जातोय. जावई म्हणाले, सॅफ्रन वॉल्डन बघा, जुनं मार्केट टाऊन आहे. तिथे खरंच केशर पिकायचं का? आणि मार्केट टाऊन म्हणजे आपल्याकडचं आठवडी बाजाराचं गावच ना? कोणी तिथे राहत असेल तर सांगा. माझे गुडघे दुखतात, तेव्हा चालावं किती लागेल तेही कळवा.

वॉल्डनवाली
काका, मी अकरा वर्षं इथेच राहते. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. लोक इथे येतात ते ऑडली एंडचा वाडा बघायला, आणि गाव न बघताच परत जातात.

आधी बाजार. आपल्याकडे बाजार भरतो आणि मग त्याभोवती गाव वाढतं. इथे बाजार भरवायलाच राजाचा हुकूम लागायचा, कारण बाजार म्हणजे जकात आणि गाळेपट्टी, म्हणजे पैसा. 1141 मध्ये जेफ्री द मँडव्हिल या सरदाराने शेजारच्या न्यूपोर्टचा बाजारच उचलून आपल्या किल्ल्याशी, इथे आणायची परवानगी मिळवली. गावाचं जुनं नाव 'चिपिंग वॉल्डन', चिपिंग म्हणजे बाजार. त्या किल्ल्याचे गारगोटीचे खडबडीत अवशेष म्युझियमच्या बाजूला उभे आहेत. वरचं गुळगुळीत अस्तर गेलंय, आतली भर तेवढी दिसते. मी हात लावून बघते दरवेळी.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1514 मध्ये आठव्या हेन्रीने इथल्या एका धार्मिक गिल्डला, म्हणजे गावकऱ्यांच्या मंडळाला सनद दिली आणि बाजाराचा कारभार त्यांच्याकडे आला. मग धर्मसुधारणेच्या धामधुमीत अशी सगळी गिल्डं बंद झाली. तेव्हा गावाने गप्प न बसता 1549 मध्ये सहाव्या एडवर्डकडून स्वतःच्या नावाने सनद मिळवली. तेव्हापासून कारभार गावाचा. 1974 च्या फेररचनेत बरो, म्हणजे सनदी नगर, म्हणून दर्जा गेला, पण टाऊन कौन्सिल आहे, महापौर आहे, आणि बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतोच. शनिवारी सकाळी चौकात भाजी, मासे, चीज, फुलझाडांची रोपं, सगळं मिळतं. चीजवाला तुकडा चाखायला दिल्याशिवाय सोडत नाही. चौकाच्या मधोमध व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं पाणी पिण्याचं कारंजं आहे, त्याच्या पायरीला टेकून निवांत बसा.

चौकातल्या बऱ्याच गोष्टींना गिब्सन घराण्याचा हात लागलाय. हे क्वेकर, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक. पंथामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद, म्हणून असे लोक व्यापारात उतरायचे. हे बिअर बनवण्याच्या धंद्यातून सावकारीत गेले. त्यांची बँक 1896 मध्ये इतर बँकांबरोबर मिळून बार्कलेज झाली. जॉर्ज स्टेसी गिब्सन वनस्पतिशास्त्रातही मुरलेला माणूस. टाऊन हॉलचं 1879 चं लाकडी चौकटीचं दर्शनी रूप त्याच्या देणगीतलं. धान्यबाजाराच्या इमारतीत आता वाचनालय आहे. 1832 मध्ये गावकऱ्यांनी काढलेल्या वाचनसंस्थेची जुनी पुस्तकं तिथे जपून ठेवलीत. मी बुधवारी तिथेच सापडेन.

कुशावतीकाठचा
त्या गावात गवतातला चक्रव्यूह आहे ना? आमच्या गोव्यात उसगाळीमळला, कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडात असाच एक कोरलेला आहे. तिथला कसा आहे?

वॉल्डनवाली
हो, कॉमनवर, म्हणजे गावच्या सार्वजनिक माळरानावर. इंग्लंडातला सगळ्यात मोठा गवती चक्रव्यूह, आणि 1699 मध्ये तो पुन्हा कोरल्याची नोंद आहे. वाट एकच, चुकायची सोय नाही, पण वळणं इतकी की चालणं जवळजवळ दीड किलोमीटरचं होतं. काका, गुडघ्यांना हे नको, कडेच्या बाकावर बसून नातवंडांना पळवा.

आता केशर. सोळाव्या-सतराव्या शतकांत इथे खरंच पिकायचं. खडूमातीत पाणी साचत नाही, कंद कुजत नाहीत. ऑक्टोबरच्या आसपास पहाटे फुलं खुडायची, प्रत्येकातले तीन लाल तंतू वेगळे करायचे, भट्टीवर दाबून वाळवून वडी करायची. एक किलोला दीड लाखभर फुलं लागतात. रंग, औषध, स्वयंपाक, सगळीकडे खप होता. अठराव्या शतकात सगळं संपलं. बाहेरचं केशर स्वस्त पडायला लागलं, मजुरी परवडेना, आणि जव पेरून बिअरसाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, करण्यात जास्त पैसा दिसला.

गेल्या वर्षी मी मागच्या अंगणात दहा कंद लावले. ऑक्टोबरात चार फुलं आली. जांभळी पाकळी अगदी पातळ, दवाने चिकटलेली. चिमट्याने तंतू काढले, बारा झाले. ओव्हनच्या उबेवर वाळवले आणि दिवाळीत चमचाभर कोमट दुधात भिजवून आईच्या पद्धतीने श्रीखंडात घातले. रंग फार आला नाही. वास मात्र आला, आणि मी रडले.

कोथरूडचे आजोबा
वाचून हिला पण वाचून दाखवलं. जूनमध्ये फुलं दिसणार नाहीत असं दिसतंय. मग केशर कुठे बघायचं?

वॉल्डनवाली
जूनमध्ये पानंही सुकलेली असतात, कंद जमिनीत झोपलेले. पूर्वीचे शेतकरी याच सुमारास ते उकरून, निवडून पुन्हा लावायचे. पण सेंट मेरी चर्चमध्ये जा. दक्षिणेकडच्या कमानींच्या कोपऱ्यांत दगडात कोरलेली केशराची फुलं आहेत, मान वर करून बघावी लागतात. याच चर्चमध्ये मे 1647 मध्ये, राजाविरुद्धच्या यादवी युद्धानंतर, पार्लमेंटचे प्रतिनिधी, त्यांत त्यांचा सेनानी क्रॉमवेलही होता, थकलेल्या पगारासाठी खवळलेल्या आपल्याच फौजेच्या अधिकाऱ्यांशी बोलणी करत होते. आणि बरोचं चिन्ह शोधा, तटबंदीच्या आत केशराची फुलं.

गावातलं रेल्वे स्टेशन 1964 मध्ये बंद झालं. ऑडली एंडला उतरा, तिथून गाव तीनेक किलोमीटर, बस मिळते. मंगळवारी या, शनिवारी गर्दी असते. चौकापासून चर्च पाच मिनिटांवर आहे, थोडा चढ लागेल. चहा माझ्याकडे.