मदत हवी आहे: फेलोडिपिनची पावडर महिन्याभरात पुन्हा स्फटिक का होते?

मंडळी, एम. फार्म.च्या प्रोजेक्टसाठी फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध घेतलंय. पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून पीव्हीपी के-३० या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरसोबत १:२ प्रमाणात मिथेनॉलमध्ये विरघळवून, सुकवून सॉलिड डिस्पर्शन (औषध स्फटिक न होता पॉलिमरमध्ये विखुरलेलं मिश्रण) केलं. पहिल्या दिवशी एक्सआरडी (स्फटिक आहेत का ते दाखवणारी क्ष-किरण चाचणी) एकदम सपाट, एकही पीक (आलेखातला उंचवटा, म्हणजे स्फटिकाची खूण) नाही. डिझोल्यूशनही (औषध किती वेगाने विरघळतं ती चाचणी) झकास. गाइड सरही खूश!

मग ४० अंश सेल्सिअस, ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये उघड्या बशीत ठेवलं. महिन्याने पाहिलं तर पावडरीचा चिकट गोळा झालेला, चमच्याने खरवडावा लागला. एक्सआरडीत पीक परत दिसू लागली.

माझा संशय पीव्हीपीवर आहे. ते हवेतलं पाणी भराभर शोषतं, आणि पाण्यामुळे काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर काचेसारखा घट्ट पदार्थ मऊ पडतो ते) खाली येतं. नुसत्या फेलोडिपिनचंच ते जेमतेम ४५ अंशांच्या आसपास. शिवाय औषधाच्या रेणूतला एनएच गट पीव्हीपीच्या कार्बोनिल गटाला हायड्रोजन बंधाने धरून असतो, तिथे पाणी घुसलं की दोघं वेगळे होणारच. (पीव्हीपी म्हणे ‘निष्क्रिय’ घटक!)

पीव्हीपीऐवजी एचपीएमसी-एएस हे दुसरं पॉलिमर वापरू का? ते ओलावा कमी घेतं, पण आम्लात विरघळत नाही, मग डिझोल्यूशन थेट ६.५ पीएचला घेतलेलं परीक्षकांना चालेल का? की पीव्हीपीच ठेवून सिलिका जेलसकट बंद बाटलीत ठेवू? टॅबलेटमध्ये लॅक्टोज मोनोहायड्रेट (स्फटिकात पाणी असलेली दुग्धशर्करा) घालायचा विचार आहे, त्यातल्या पाण्याचा त्रास होतो का?

कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा. सबमिशनला तीनच महिने उरलेत.