बी.एस्सी. नंतर नेटवर्किंग/सपोर्ट: ए प्लस, सीसीएनए की क्लाउड? (नागपूर)

प्रतापनगर_०२
बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचं शेवटचं वर्ष सुरू आहे. कोडिंगमध्ये मन लागत नाही, नेटवर्क नाहीतर डेस्कटॉप सपोर्टकडे जायचंय. क्लासवाले ए प्लस (कॉम्प्युटर सपोर्टचं प्रमाणपत्र), नेटवर्क प्लस (नेटवर्किंगची मूळ ओळख), सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंग प्रमाणपत्र) आणि एझेड-९०० (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची प्राथमिक परीक्षा) असं चारही गोष्टींचं पॅकेज सांगून राहिले. परीक्षेची फी एकदाच भरू शकते. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरीसाठी आधी काय करू?

सबनेटवाला
एकदाच फी भरायची असेल तर सीसीएनए (२००-३०१). फी ३०० डॉलर, वर कर. ए प्लसच्या दोन वेगळ्या परीक्षा असतात, म्हणजे फीसुद्धा दोनदा. त्याचा अभ्यास जरूर करा, परीक्षा राहू द्या. बर्डीच्या बाजारातून ए प्लसचं जुनं पुस्तक घेणार असाल तर परीक्षेचा कोड बघा: ११०१ आणि ११०२ सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाले, आता १२०१ आणि १२०२ चालतात. नेटवर्क प्लसचं बरंचसं सीसीएनएमध्ये येऊन जातं. एझेड-९०० ची मुदत संपत नाही, ते नंतर निवांत करा.

सीसीएनएला वेळ १२० मिनिटं आणि पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. म्हणून सबनेटिंग (मोठं नेटवर्क लहान गटांत वाटायचा हिशोब) बोटांवर हवं. १९२.१६८.१०.७७/२७ दिसलं की ३२ पत्त्यांचे गठ्ठे: ६४ नेटवर्कचा पत्ता, ९५ ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम पाठवायचा), मधले ६५ ते ९४ उपकरणांना वापरायचे. असा एक प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटेपर्यंत रोज २० सोडवा. सगळ्यात जास्त वजन आयपी कनेक्टिव्हिटीला (राउटिंगच्या भागाला) आहे, २५ टक्के. ऑटोमेशनला (नेटवर्कची कामं प्रोग्रामने करण्याला) १० टक्केच, पण पोरं तेवढंच टाकून देतात.

लॅबला पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) पुरे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर खातं काढलं की फुकट मिळतो, ८ जीबीत आरामात चालतो. स्विचचा दिवा नारिंगी दिसला म्हणून केबल बदलत बसू नका, स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा होऊ न देणारी यंत्रणा) पोर्ट चालू करायला १५ अधिक १५ सेकंद घेते. ओएसपीएफचा (राउटरनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत) शेजारी राउटर जुळला नाही तर एरिया, सबनेट मास्क आणि हॅलो-डेड टायमर (१०/४० सेकंद) दोन्हीकडे ताडून बघा. जुळणीच्या एक्स-स्टार्ट टप्प्यावर अडकला तर बहुधा एमटीयूचा (पॅकेटच्या कमाल आकाराचा) घोळ. एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) लागत नसेल तर होस्टनेम आणि डोमेन नेम दिल्याशिवाय त्याला लागणारी आरएसए की (एन्क्रिप्शनची किल्ली) बनतच नाही, आधी ते द्या.

हेल्पडेस्क_डेस्क
वरचं बरोबर, पण सपोर्टची नोकरी हवी तर फक्त राउटरच्या कमांड पाठ करून भागत नाही. "नेट चालत नाही" म्हटल्यावर तुम्ही काय करता, हे हमखास विचारतात. क्रम असा सांगा: आधी आयपीकॉन्फिग (मशीनचा पत्ता दाखवणारी कमांड). पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीन डीएचसीपीपर्यंत (पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोचतच नाही, आधी केबल, पोर्ट आणि व्हीलॅन (स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) बघा. पत्ता ठीक असेल तर गेटवेला (बाहेर नेणाऱ्या राउटरला) पिंग करून उत्तर येतं का बघा, मग ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर). तिथवर जातं पण साइट उघडत नाही? मग एनएसलुकअप कमांड, दोष डीएनएसचा (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा).

आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतली खाती आणि मशीन एका डोमेनमध्ये, एका जागेवरून सांभाळणारी विंडोज सर्व्हरची सोय) शिका. तिच्या सरावाला रॅम १६ जीबी असलेली बरी, ८ मध्ये सर्व्हर आणि क्लायंट एकत्र चालवले की लॅपटॉप रडतो. मे महिन्यात तर विचारूच नका. व्हर्च्युअलबॉक्स (एका लॅपटॉपमध्ये अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या, विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी प्रत घ्या. क्लायंट डोमेनमध्ये जात नसेल तर दहापैकी नऊदा त्याचा डीएनएस राउटरकडे असतो. तो डोमेन कंट्रोलरच्या (डोमेन चालवणाऱ्या तुमच्या विंडोज सर्व्हरच्या) पत्त्यावर वळवा. क्लायंटवर विंडोज होम टाकलं असेल तर कितीही आपटा, डोमेन जॉइन होणार नाही. प्रो किंवा एंटरप्राइझ लागतं.

प्रतापनगर_०२
रॅम वाढवते मग. परीक्षा घरून दिली तर चालेल का? डम्प (फुटलेल्या प्रश्नोत्तरांचे संच) घेऊ का सरावाला?

सबनेटवाला
डम्प नको. उत्तरं अनेकदा चुकीची असतात आणि पकडलं तर निकाल रद्द. घरून परीक्षा देता येते, पण लाइट गेली किंवा खोलीत कोणी डोकावलं तरी परीक्षा बंद पडू शकते. सेंटरलाच द्या. बुक करण्याआधी पीअर्सन व्ह्यूच्या (परीक्षा घेणारी कंपनी) खात्यातलं नाव ओळखपत्राशी जुळवा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर अनेकदा आडनाव आधी, असा उलटा क्रम असतो. खातं मात्र पासपोर्ट किंवा ज्या ओळखपत्रावर जाणार, त्यावरूनच भरा.