सॅलमँडर शोधावा, पाळावा की तिथेच राहू द्यावा?

कृष्णाकाठ (वाळवा): पावसाळा लागला की मी कोयना, चाळकेवाडी, कासकडे निघतो. ओल्या दगडाखाली, पालापाचोळ्यात बेडूक-भेक शोधायचा छंद पंधरा वर्षांचा आहे. आता आपल्याकडचा सॅलमँडर, म्हणजे बेडकाच्याच गोतातला शेपटीवाला, चार पायांचा जीव, शोधून काचेच्या टाकीत पाळायचा आहे. माझं मत स्पष्ट आहे, जीव घरात वाढवल्याशिवाय त्याची माया लागत नाही. शाळेत असताना मी बरणीत बेडकाची पिल्लं वाढवली. आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे, मग शेपूट आत जिरली. ते पाहिलं म्हणून आजही उसात फवारणी करताना ओढ्याकाठच्या सऱ्या सोडतो.

सड्यावरचा (पाटण): दादा, सह्याद्रीत सॅलमँडर नाहीच. भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत आहे, दार्जिलिंगकडे जोरपोखरीला तर त्याच्यासाठी अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, म्हणजे पकडून आणायचा प्रश्नच मिटला. आपल्याकडे दगडाखाली शेपटीवाला, चार पायांचा, चकचकीत जीव दिसला तर ती बहुतेक सापसुरळी. सापसुरळीच्या अंगावर खवले असतात, सॅलमँडरच्या नसतात, नीट बघा.

आपलं खरं धन वेगळं आहे. देवगांडूळ! पाय नाहीत, अंगावर वळी, डोळे असून नसल्यासारखे, आणि तरी बेडकाच्याच गोतातलं. त्याची एक जात कोयनेजवळच्या हुंबरळीतून 2004 मध्ये जगासमोर आली. बांध खणताना निघालं की लोक सापाचं पिल्लू म्हणून ठेचतात. मी गावात दोघांचे हात धरलेत.

मिरजेची ताई: पाळण्याला सरसकट वाईट म्हणू नका. माझ्याकडे तीन वर्षं ॲक्सोलॉटल आहे, मेक्सिकोतला सॅलमँडरच, टाकीत जन्मलेला. जन्मभर पाण्यातच राहतो, गळ्याशी कल्ले तसेच. पण त्याला 16 ते 18 अंशांचं पाणी लागतं आणि आमच्याकडे एप्रिलात पारा चाळिशीला जातो. पहिल्या उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या टाकत राहिले. पाणी सारखं गार-गरम होत गेलं आणि जोडीतला एक गेला. मग कर्ज काढल्यासारखा खर्च करून पाणी थंड करायचं यंत्र घेतलं. अशा परदेशी जातींची आता सरकारकडे नोंदणीही करावी लागते. ज्याला हे झेपेल त्यानेच पाळावं, आणि रानातून कधीच आणू नये.

सड्यावरचा: ताई, तुमची काळजी मनापासूनची आहे, पण मला या बाजाराचीच भीती वाटते. नेदरलँड्समधले ‘फायर सॅलमँडर’ जातीचे जीव एका बुरशीने जवळपास संपले. ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर युरोपात पोचली असं संशोधक मानतात, 2013 मध्ये तिला नाव मिळालं. हे जीव कातडीतूनही श्वास घेतात, त्यामुळे कातडी बिघडली की सगळंच संपतं. टाकीचं पाणी गटारात, गटार ओढ्यात, ओढा कृष्णेला. आणि कोयनेचा छोटा भेक तर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावरच्या, उथळ डबक्यात अंडी घालतो. तिथे काही शिरलं तर?

मिरजेची ताई: टाकीचं पाणी मी कुंड्यांना घालते, पण उद्यापासून आधी उकळेन. हे तुमचं बरोबर. बाजार मात्र माझ्या एकटीने थांबणार नाही, म्हणून पाळणाऱ्याला नीट शिकवणंच मला जास्त गरजेचं वाटतं.

कृष्णाकाठ: सॅलमँडर इथे नाही हे मान्य, तो हट्ट सोडला. पण बरणीचा मुद्दा सोडत नाही. शेतातल्या डबक्यातली साध्या बेडकाची चार-पाच पिल्लं, महिनाभर, मुलीच्या डोळ्यांसमोर, आणि पाय फुटले की त्याच डबक्यात परत. यात कुणाचं काय बिघडलं?

सड्यावरचा: आधी वनखात्याला विचारा, कायदा बेडकालाही लागतो. त्यापेक्षा मुलीला रात्री बॅटरी घेऊन डबक्यावर रोज न्या, तेच पाय तिथेही फुटतात. आणि दादा, दगड उलटला तर जसा होता तसाच परत ठेवा. देवगांडुळाची ओल त्याच्याखालीच असते.

कृष्णाकाठ: ठेवीन. मृगाचा पाऊस पडला की हुंबरळीला येतो, दाखवाल का?

सड्यावरचा: या. टोपली आणू नका, टॉर्च आणा.