मदत हवी आहे : स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलीसाठी ठाणे-नवी मुंबईत थेरपिस्ट

नमस्कार. आम्ही घणसोलीला राहतो. माझी मुलगी १६ वर्षांची असून अकरावीत शिकते आणि रोज लोकलने ठाण्याच्या महाविद्यालयात जाते. गेल्या वर्षी दहावीच्या सराव परीक्षांच्या सुमारास ती स्वतःला इजा करून घेत असल्याचे माझ्या लक्षात आले. कधी स्वतःचा रुमालही न धुणारी मुलगी रात्री अकरानंतर आपले कुर्ते हाताने धुऊन, दोरीवर न टाकता खोलीत खुर्चीच्या पाठीवर वाळत घालू लागली होती. ते दिसत असूनही मी तीन आठवडे काही विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. शेवटी विचारले तेव्हा ती नाकारेल असे वाटले होते, ती एवढेच म्हणाली, "आई, बाबांना आत्ताच नको सांगूस."

मरण्याचा विचार मनात येतो का, हेही मी तिला सरळ विचारले, कारण असे विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरतो हा समज खरा नाही. तिने नाही म्हटले. मनात साठलेले कुठे ठेवायचे ते कळत नाही, असे ती म्हणाली. स्वतःला इजा करणे आणि आत्महत्येचा प्रयत्न या वेगळ्या गोष्टी असल्या, तरी पहिलीमुळे पुढे दुसरीचा धोका वाढतो, त्यामुळे तिच्या उत्तरावर विसंबून स्वस्थ बसणे मला शक्य नाही.

आम्ही जवळच्याच एका समुपदेशक बाईंकडे गेलो होतो. दुसऱ्याच भेटीत त्यांनी "पुन्हा असे करणार नाही" असे तिच्याकडून कागदावर लिहून घेऊन सही करायला लावली, मग मला आत बोलावून तिने सांगितलेले सगळे तिच्यासमोरच मला ऐकवले आणि रोज तिचे दप्तर तपासण्याचा सल्ला दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा तसे घडले, तेव्हा वचन मोडल्याच्या भीतीने तिने ते माझ्यापासूनही लपवले. अशा लेखी वचनांनी इजा कमी होते असा पुरावा नाही, हे मी पुढे वाचले, पण तोपर्यंत तिने तिकडे जाणे बंद केले होते. त्याला आता पाच महिने झाले. गेल्या रविवारी माझ्यासोबत मेथी निवडत बसली असताना, मान वर न करता ती म्हणाली, "दुसरं कोणी असेल तर मी जाईन." म्हणून हा धागा काढते आहे. या वेळी चुकीच्या माणसाकडे नेले, तर ती तिसऱ्यांदा विचारणार नाही अशी मला भीती वाटते.

वाचनातून इतके कळले की अशा मुलांसाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही विशेष अभ्यासलेली पद्धत आहे आणि किशोरवयीनांसाठी तिचे वेगळे रूप आहे. त्यात आठवड्याला एक वैयक्तिक भेट असते आणि शिवाय कौशल्यांचा गट असतो. तिथे भावनांची लाट आली असता काही न करता ती ओसरू कशी द्यायची, याचा प्रत्यक्ष सराव घेतात, आणि मुलांसोबत पालकांनाही बसवतात. ही पद्धत उभी करणाऱ्या मार्शा लिनेहन यांनी तरुणपणी आपणही स्वतःला इजा करत होतो, हे २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. मी हे मुलीला सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, "मग त्या बऱ्या झाल्या ना?" इतक्या महिन्यांत या विषयावर तिने स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

तर जाणकारांना माझी विनंती अशी की, ठाणे, ऐरोली ते वाशी किंवा नेरूळ या पट्ट्यात डीबीटीचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेले, किशोरवयीनांसोबत नियमित काम करणारे आणि मराठीत बोलणारे कोणी माहीत असेल तर सांगावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी क्रमांक मी स्वतः तपासून घेईन. मला खरे हवे आहे ते तुमच्या अनुभवातले: पुन्हा इजा झाल्याचे मुलाने सांगितल्यावर त्या व्यक्तीने काय केले, आणि पालकांना काय सांगायचे व काय मुलाकडेच ठेवायचे, हे पहिल्या भेटीत मुलासमोर ठरवले का? कौशल्यांचा गट प्रत्यक्ष भेटून चालतो की ऑनलाइन, हेही कळवावे.

मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवायचे आहे. इजा करण्याची ओढच थांबवणारे असे औषध नाही, पण तिला झोप लागत नाही, जेवणही कमी झाले आहे, आणि मुळाशी नैराश्य असेल तर त्यावर उपचार व्हायलाच हवेत. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात १६-१७ वर्षांच्या मुलांना नेलेल्यांचा अनुभव मला विशेष ऐकायचा आहे. आमच्या सासूबाईंनी ते नाव ऐकताच पदर डोळ्यांना लावला, कारण त्यांच्या पिढीत "ठाण्याला पाठवणे" या शब्दांचा अर्थ एकच होता. त्यांना मी दोष देत नाही, परंतु खर्च न पेलल्याने उपचार मध्येच सोडण्यापेक्षा सरकारी रुग्णालयात सलग झालेले मला चालतील. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणे विमा द्यावा लागतो, पण आमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारच नाहीत. म्हणून कृपया एका भेटीचे शुल्कही लिहावे.

सध्या मी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दोनदा बोलले आहे; ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. तो क्रमांक तिने स्वतःच्या फोनमध्येही ठेवला आहे. घरातील औषधे आणि धोक्याच्या वस्तू मी तिला सांगूनच कपाटात कुलपाखाली ठेवल्या. रात्री फार जड वाटले तर काही बोलायची गरज नाही, नुसते येऊन माझ्या शेजारी झोपायचे, असे आमचे ठरले आहे. आतापर्यंत ती चार वेळा आली. तिच्या वडिलांना मी तिच्या संमतीने सांगितले आहे, आणि तेही गटात बसायला तयार आहेत.

तिचे महाविद्यालय दुपारी दोनला सुटते. तीननंतरची वेळ आणि ठाणे स्थानकापासून चालत जाता येईल असे ठिकाण मिळाले, तर पहिल्या भेटीनंतर ती एकटीही जाऊ शकेल, आणि तिला तेच हवे आहे.