वापरलेली हायब्रिड एसयूव्ही: बॅटरीला भ्यायचं की बॅटरी मोजायची?

सातवा_गिअर

समजा एकाच मॉडेलच्या दोन एसयूव्ही समोर आहेत. दोन्ही सात वर्षांच्या, दोन्ही १,२०,००० किलोमीटरच्या आसपास. एक साधी पेट्रोल ऑटोमॅटिक, दुसरी फुल हायब्रिड (जिची मोटर एकटीही गाडी ओढू शकते) आणि थोडी महाग. ज्याला विचाराल तो एकच सांगतो: हायब्रिडच्या वाटेला जाऊ नका, बॅटरी गेली की गाडी गेली. माझं मत नेमकं उलट आहे. हायब्रिडच घ्या, फक्त ओडोमीटरवर विसंबू नका, बॅटरी मोजून घ्या.

टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये वेगळी स्टार्टर मोटर नसते, अल्टरनेटर नसतो, घासला जाणारा क्लच नसतो. एक प्लॅनेटरी गिअरसेट (मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं) आणि दोन मोटर-जनरेटर (गाडी ओढणाऱ्या आणि वीजही बनवणाऱ्या मोटरी) यांच्यावर सगळं चालतं. पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये या वयाला जे भाग खर्च काढतात, ते इथे मुळात नाहीतच.

आता बॅटरी. २०१६ ची रॅव्ह-४ हायब्रिड घ्या. पॅकमध्ये, म्हणजे मोठ्या बॅटरीत, निकेल-मेटल हायड्राइडचे ३४ मॉड्यूल (सेलचे गट), प्रत्येकात १.२ व्होल्टचे ६ सेल, सगळे सीरिजमध्ये. एकूण २४४.८ व्होल्ट. यातला एक मॉड्यूल थकला की जोर लावताना त्याचा व्होल्टेज शेजाऱ्यांपेक्षा आधी बसतो, चार्ज होताना आधी चढतो. हा फरक वाढत गेला की कॉम्प्युटर पी०ए८० हा पॅक बिघडल्याचा कोड टाकतो. म्हणजे दिवा लागण्याच्या कितीतरी आधी आजार आकड्यांत दिसतो. ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) आणि हायब्रिडचे ब्लॉक वाचणारं मोबाइल ॲप एवढं पुरतं. दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक साधारण १४.४ व्होल्टचा. गाडी उभी असताना सगळ्या ब्लॉकमधला फरक ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. चढावर जोर लावताना एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा एक व्होल्ट खाली जात असेल तर गाडी सोडा.

ॲप नसेल तरी एक चाचणी करता येते. इंजिन गरम झाल्यावर गाडी रेडी मोडमध्ये (इंजिन बंद असलं तरी गाडी चालू) पार्कला ठेवा, एसी फुल करा आणि घड्याळ लावा. धडधाकट पॅक इंजिन बंद ठेवून काही मिनिटं एसी ओढतो. दर मिनिट-दीड मिनिटाला इंजिन चालू-बंद होत असेल तर पॅकची क्षमता आटली आहे. ही चाचणी न्यूट्रलमध्ये करू नका, न्यूट्रलमध्ये इंजिन बॅटरी चार्ज करू शकत नाही.

आणि बॅटरी मरते ती मुख्यतः उष्णतेने. मागच्या सीटखाली बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी असते. टॉर्च मारून बघा. कुत्र्याचे केस, गालिच्याचे धागे आणि धूळ यांचा राखाडी थर बसलेला दिसला, तर त्या पॅकने कित्येक उन्हाळे गुदमरत काढले असं समजा. मधले मॉड्यूल सर्वांत जास्त तापतात, म्हणून सहसा तेच आधी जातात.

नट_बोल्ट

मांडणी चांगली आहे, निष्कर्ष पटत नाही. एका दुपारच्या चाचणीवर पाच वर्षांचा निर्णय घेता येत नाही, आणि विकणाऱ्यालाही या चाचण्या माहीत असतात. थकलेला एक मॉड्यूल काढून जुन्या पॅकमधला दुसरा बसवतात, कोड पुसतात, गाडी बाजारात. महिना दोन महिने आकडे सरळ दिसतात. मग शेजारचा मॉड्यूल जातो, कारण वय सगळ्यांचं सारखंच असतं. नव्या पॅकचं बिल सोबत नसेल तर "बॅटरीचं काम झालंय" हे ऐकून उलट सावध व्हावं.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. बॅटरीवर एवढी चर्चा होते की बाकीचं झाकलं जातं. बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरचं काय? २००६-०७ च्या हायलँडर हायब्रिड आणि लेक्सस आरएक्स ४००एच इन्व्हर्टरमधल्या सोल्डरिंगच्या दोषामुळे परत बोलवाव्या लागल्या होत्या. २०१९ पासूनच्या ऑल व्हील ड्राइव्ह रॅव्ह-४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणाऱ्या हाय व्होल्टेज केबलचा कनेक्टर गंजायचा, विशेषतः जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे. कनेक्टर सुटा बदलून भागत नाही, पूर्ण केबल बदलावी लागते. आणि ब्रेकला दाब पुरवणारा ब्रेक ॲक्च्युएटर! तो गेला की भला मोठा खर्च, आणि त्याबद्दल तुमच्या यादीत अक्षर नाही. पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स बिघडला तर दुरुस्त करणारे दहा मेकॅनिक भेटतात. हाय व्होल्टेजला हात लावणारा शोधावा लागतो. हाय व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटं थांबायचं, १००० व्होल्टचे इन्सुलेटेड हातमोजे घालायचे, हे शिकलेली माणसं अजून थोडी आहेत.

सातवा_गिअर

ब्रेकचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. तपासणी अगदी सोपी आहे. खिडक्या बंद, रेडिओ बंद, इग्निशन ऑन, पाय ब्रेकवर नाही. सुरुवातीला पंप काही सेकंद घुर्र करून दाब भरतो, तेवढं ठीक. त्यानंतर ब्रेक न दाबताही दर पाच-दहा सेकंदांनी पंप पुन्हा सुरू होत असेल तर दाब आतल्या आत गळतोय. सी१३९१ कोड याच दुखण्याचा.

कोड पुसण्याबद्दल: पुसले तरी खूण राहते. बहुतेक स्कॅनर "कोड पुसल्यापासूनचं अंतर" दाखवतात, आणि रेडीनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या करत असलेल्या तपासण्या) अपूर्ण दिसतात. १,२०,००० किलोमीटर चाललेली गाडी तिथे ९ किलोमीटर सांगत असेल तर काहीतरी कालपरवाच पुसलंय. विचारा, आणि समाधानकारक उत्तर नसेल तर निघा.

इन्व्हर्टरला थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कुलंटची, स्वतंत्र टाकी असते. गाडी रेडीत असताना झाकण न उघडता टाकीत बघा, कुलंट हलताना दिसलं पाहिजे. हलत नसेल तर पंप संशयास्पद. पंप ही त्यातली स्वस्त वस्तू, पण तो बंद असताना गाडी चालवत राहिलं तर इन्व्हर्टर भाजतो. हायब्रिडमधले पुष्कळ महाग बिघाड असेच स्वस्त भागाकडे दुर्लक्ष केल्याने होतात, म्हणूनच मी गाडीपेक्षा आधीच्या मालकाची सर्व्हिस फाइल जास्त वेळ वाचायला सांगतो.

काजळी

दोघेही इंजिन विसरलात. शहरात फिरलेल्या हायब्रिडचं इंजिन दोन मिनिटं चालतं, बंद होतं, पुन्हा गार अवस्थेत चालू होतं. छोट्याच फेऱ्या असतील तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं आणि ते उडून जाण्याइतकं ऑइल तापतच नाही. डिपस्टिक ओढून वास घ्या. पातळी कमाल खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास, तर ऑइल कधी बदललं ते तारखेने तपासा, किलोमीटरने नव्हे.

दुसरं, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग. टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसचं १.८ लिटर इंजिन यासाठीच बदनाम झालं: कूलर काजळीने तुंबतो आणि पुढे हेड गॅस्केटपर्यंत (सिलिंडरवरचं सील) प्रकरण जातं. प्रत्येक हायब्रिड इंजिनात हे होतंच असं नाही, पण खूण ओळखायला हवी. रात्रभर उभ्या गाडीचं पहिलं स्टार्ट. पहिले काही सेकंद इंजिन खडखडून हादरलं आणि मग सुरळीत झालं, तर एखाद्या सिलिंडरमध्ये कुलंट झिरपत असू शकतं. म्हणून विक्रेत्याला स्पष्ट सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

दोन_लिटर

एक गल्लत आधीच थांबवू या. मागच्या दाराला हायब्रिडचा बिल्ला आहे म्हणून ती फुल हायब्रिड होत नाही. ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड बेल्टने इंजिनाला हातभार लावते, सहसा एकटी मोटर गाडी ओढत नाही. बचत थोडी, जपायचा पसारा वाढलेला. तिला फुल हायब्रिडचा भाव देऊ नका. प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणारी) असेल तर तपासणीही वेगळी: पूर्ण चार्ज करून फक्त विजेवर किती किलोमीटर जाते ते स्वतः चालवून मोजा.

नट_बोल्ट

तपासण्या सगळ्या योग्य. तरी हिशोब मांडा. पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि हायब्रिड २० देते असं धरू. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे ६६७ ऐवजी ५०० लिटर जातील, वाचले १६७. वर्षाला २०,००० असेल तर ३३३. आता नव्या पॅकचं मजुरीसह कोटेशन घ्या आणि त्याला एका लिटरच्या दराने भागा. जेवढे लिटर येतील ते भरून निघायला किती वर्षं लागतात ते बघा, त्यात दोन गाड्यांच्या किमतीतला फरकही घाला. कमी चालवणाऱ्याला हे गणित जमत नाही. सतत एकाच वेगाने हायवेवर पळणाऱ्यालाही नाही, कारण हायब्रिड ब्रेक लागताना वीज बनवून बॅटरीत भरते आणि तिथे ब्रेक लागतच नाही, मग परत मिळवायची ऊर्जा येणार कुठून? तो २० चा आकडा शहरातला.

सातवा_गिअर

हायवेवर फरक कमी होतो, संपत नाही. हायब्रिडमधलं ॲटकिन्सन सायकलचं (इंधन वाचवण्यासाठी बनवलेलं) इंजिन तिथेही कमी पितं. आणि तुमच्या गणितात पॅक जाणारच असं गृहीत आहे. मोजून घेतलेल्या, जाळी साफ असलेल्या पॅकबाबत मी ते धरत नाही. पण वर्षाला आठ-दहा हजारच किलोमीटर असतील तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे, साधी पेट्रोल घ्यावी.

जे हायब्रिडच बघणार आहेत त्यांच्यासाठी एक राहिलं. डॅशबोर्डवर एकदम चार-पाच दिवे लागलेले दिसले तर मोठ्या पॅकला दोष देण्याआधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी मल्टिमीटरने मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ च्या खाली असेल तर ती अर्धी रिकामी आहे. कॉम्प्युटर तिच्यावरच सुरू होतात आणि ती ढिली पडली की भलतेसलते कोड टाकतात. रेडीत आल्यावर तिथेच साधारण १४ व्होल्ट दिसले तर मोठ्या पॅकवरून छोटी बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर काम करतोय. नवी १२ व्होल्टची बॅटरी लावून, कोड पुसून, गाडी पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करू द्यायला विक्रेता तयार असेल, तर भाव त्यानंतरच ठरवा.